मानसिंग फौजीची कोत

धुळाच्या डोक्यात लोखंडी टॉमी बसली तेव्हा दहा वाजून अडतीस मिनिटं झाली होती. ही वेळ कुणाच्या अंदाजाची नाही. कॅमेऱ्याच्या चित्राखाली तसे आकडे आहेत.

तासगावच्या बाहेर, सांगली रस्त्याला, हंबीररावांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज आहे. सहा चेंबर, पंधरा किलोचे बॉक्स, बारा बॉक्सची एक थप्पी. बाकीचे हमाल एका खेपेला दोन बॉक्स उचलतात, धुळा तीन उचलायचा. तीन बॉक्स म्हणजे पंचेचाळीस किलो, आणि दिवसाच्या दोनशे खेपा. असला माणूस कामाला कंटाळून अडून बसत नाही. त्या दिवशी तो तीन नंबरच्या चेंबरच्या दारात आडवा उभा राहिला, कारण आत अमोनियाचा वास येत होता.

हंबीरराव पुण्याला दवाखान्यात होते. कारभार पुतण्याकडे, दिग्विजयकडे. बाहेर दोन ट्रक उभे होते आणि त्याला ते बारापर्यंत भरून हवे होते.

"आत वास हाय," धुळा म्हणाला. "डोळं चुरचुरत्यात. माणूस आत जायाचा न्हाई."

"तू कोण रं ठरवणारा? मालक हाईस का?"

"मालक न्हाई. पर नाक माझंच हाय न्हवं?"

हमाल हसले. त्या हसण्यानंच घात केला. दिग्विजयनं ट्रकच्या केबिनमधून टॉमी काढली, चाकाचे नट सोडवायची, हातभर लांब. पहिला फटका गुडघ्यावर बसला. धुळा वाकला. दुसरा खांद्यावर, तिसरा डाव्या डोळ्याच्या वर. धुळा पडला. पडलेल्या माणसाला त्यानं आणखी चार मारले. हमाल भिंतीला चिकटून उभे होते. एकानंही हात घातला नाही.

हात घातला तो चौकीदार मानसिंगनं. तो मागं कंडेन्सरपाशी गळका व्हॉल्व्ह आवळत होता. ओरडा ऐकून पळत आला आणि त्यानं दिग्विजयचं मनगट मागून पिळलं. टॉमी खाली पडली. मानसिंगचं वय छप्पन्न, दिग्विजयचं तीस. पण मनगट कुठं पिळायचं हे एकाला माहीत होतं आणि दुसऱ्याला नव्हतं.

मग धुळाला पिकअपमध्ये घालायचं काम. शुद्धीवरच्या माणसाला दोघं उचलतात, बेशुद्ध माणसाला चौघं लागतात. त्याची मान मानसिंगनं धरली होती. कोपरापर्यंत रक्त आलं. धावत आलेली धुळाची बायको मागं बसली आणि गाडी सांगलीला गेली. गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच कोल्ड स्टोअरेजची लाईट गेली. मेन स्विच दिग्विजयनं स्वतः पाडला होता. लाईट नव्हती, कॅमेरे बंदच होते, असं पुढं म्हणता यावं म्हणून.

* * *

मानसिंग उंब्रजकडचा. शेत थोडं, भाऊ तीन, म्हणून अठराव्या वर्षी भरती झाला. सिग्नलमध्ये चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आला. वायरलेस, केबल, पुढं कॉम्प्युटर, जे हातात दिलं ते शिकला. पण तो माणूस घडला तो कोतीत. पलटणीत हत्यारं ठेवायच्या खोलीला कोत म्हणतात. रायफल सही करून घ्यायची, काम झालं की जमा करायची, पुन्हा सही. जवान आहे म्हणून रायफल उशाशी घेऊन झोपता येत नाही.

ईशान्येकडच्या एका पोस्टवर एकदा कोतीचा नाईक दार उघडं टाकून चहाला गेला. दहा मिनिटं. रजा नाकारलेला एक जवान आत शिरला. रायफल घेतली, लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या जेवणघरात जाऊन ज्या हवालदाराशी भांडण झालं होतं त्याच्या छातीत तीन गोळ्या घातल्या आणि चौथी स्वतःच्या हनुवटीखाली. लंगरची फरशी मानसिंगनं धुतली. सात बादल्या पाणी लागलं. भिंतीवरचं निघालं नाही, तिथं चुना मारावा लागला. जवान वाईट नव्हता, असं तो नेहमी सांगायचा. रायफल तर रोजचीच होती. दार उघडं होतं.

हंबीररावांकडे तो आठ वर्षांपूर्वी चौकीदार म्हणून लागला. पण ऑफिसात एक कॉम्प्युटर होता आणि त्याची भीती न वाटणारा तिथं तो एकटाच. चेंबरचं तापमान त्यावर दिसायचं, आवारातल्या नऊ कॅमेऱ्यांची चित्रंही त्याच्यातच साठायची. मशीन भिंतीत बसवलेल्या लोखंडी कपाटात, कुलूपबंद. बाहेर टेबलावर फक्त पडदा, कीबोर्ड आणि माऊस. सांगलीच्या मुकुलनं ते बसवून दिलं होतं. त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं.

हे मशीन चालू केलं की आधी काळा पडदा येतो, नुसती अक्षरं. तिथं नाव आणि पासवर्ड टाकायचा. मग एक हुकूम दिला की चित्राचा पडदा सुरू होतो. तो सुरू करणाऱ्या प्रोग्रामला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. मुकुलनं काय केलं होतं, तर हे सगळं रूटच्या नावानं लावलं होतं. रूट म्हणजे त्या मशीनचा सर्वाधिकारी. तो काहीही पुसू शकतो, त्याला कुणी विचारत नाही. पडदा रूटनं सुरू केला की पडद्यावरचं प्रत्येक बटण रूटच्या हाताचं होतं. टेबलापाशी जो बसेल तो सर्वाधिकारी.

आणि बसायचं कोण? मोबाईल चार्जिंगला लावायला आलेले ड्रायव्हर. एकानं सहज टकटक करता करता पाच नंबर चेंबरच्या महिनाभराच्या नोंदी उडवल्या. दिग्विजयला तर ती सवयच. दारू पिऊन आलेल्या रात्रीचं फाटकावरचं चित्र तो सकाळी पुसून टाकायचा. चुलत्यानं बघू नये म्हणून.

मानसिंगनं मुकुलला फोन लावला होता. "आवं, ह्ये तर सगळ्या गावाला भरलेली रायफल दिल्यागत झालं."

"फौजी, पडद्याचं कार्ड जुनं आहे. रूटशिवाय पडदाच येत नाही. चालतंय ना? मग चालू द्या."

चालतंय ते चालू द्यायचं, हे मानसिंगला पटणारं नव्हतं. त्यानं आठ दिवस घातले. रोज कामाचे बारा तास संपले की दोन तास. डिक्शनरी घेऊन वाचायचं, वहीत लिहायचं, करून बघायचं. सहा वेळा पडदा काळा राहिला. सातव्या वेळी त्याला कळलं की पडद्याला मोठा अधिकार लागतो तो सुरुवातीच्या क्षणापुरता, कार्ड आणि कीबोर्ड ताब्यात घेण्यापुरता. आणि मशीन नीट लावलं तर तेवढंही लागत नाही. मशीनपुढं बसलेल्या साध्या माणसाच्या हाती ते स्वतःच कार्ड देतं. त्यानं कपाट उघडून जुनं कार्ड उपसून काढलं, बोर्डावरच्या जोडणीला पडदा लावला, आणि 'पहारा' नावाचा एक साधा वापरकर्ता केला. पहारा बघू शकत होता, पुसू शकत नव्हता. रूटचा पासवर्ड बदलला. तो मानसिंगकडे आणि पुण्याच्या दवाखान्यातल्या हंबीररावांकडे बंद पाकिटात, बस्स.

वहीत त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं: रूट ही कोत आहे. काढा, काम करा, जमा करा.

हे सगळं झालं धुळाला मार बसायच्या पंधरा दिवस आधी. दिग्विजयला त्याचा पत्ता नव्हता.

* * *

गाडी सांगलीला गेल्यावर मानसिंगनं मेन स्विच वर केला. कॉम्प्रेसर सुरू झाला, मशीन सुरू झालं. त्याला एकच धास्ती होती, झटक्यानं लाईट गेल्यानं डिस्क बिघडली तर? त्या मशीनला चित्राच्या पडद्यामागं आणखी काळे पडदे असतात. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-टू एकदम दाबलं की दुसरा येतो. तिथं तो रूट म्हणून शिरला, डिस्क तपासली. सगळं शाबूत होतं. दहा छत्तीस ते दहा अठ्ठेचाळीस, बारा मिनिटं. सगळी जिथल्या तिथं होती.

कीबोर्डवर बोटांचे लाल ठसे उमटले होते. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, तीन नंबरला वास वाढला. तो पहिल्या पडद्यावर परत आला, पहाराच्या नावानं चित्र सुरू केलं आणि व्हॉल्व्हकडे पळाला.

दुसऱ्या पडद्यावर रूट जमा करायचा राहिला.

एक वाजता पोलीस स्टेशनमधून फोन आला. दिग्विजयनं जबाब दिला होता, धुळा थप्पीवरून पडला. धुळाची बायको वेगळं सांगत होती. हमालांपैकी कुणी तोंड उघडत नव्हतं. साहेब चार वाजता रेकॉर्डिंग बघायला येणार होते. "मशीनला कुणाला हात लावू देऊ नका, हवालदार," पलीकडचा म्हणाला.

दोन वाजता दिग्विजय ऑफिसात आला. बरोबर दोघे, एक त्याचा ड्रायव्हर आणि एक पैलवानकी सोडलेला. हातात तीच टॉमी, धुतलेली.

त्यानं आधी मानसिंगकडे बघितलंही नाही. खुर्चीत बसला, नेहमीच्या जागी गेला, बारा मिनिटं निवडली आणि पुसायचं बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली: परवानगी नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा चौकट.

"ह्ये काय केलंयस रं फौजी?"

"पंधरा दिस झालं. बघायला मिळतंय, पुसायला न्हाई."

"पासवर्ड सांग."

"चारला सायेब येत्यात. त्यास्नी सांगतो."

दिग्विजय हसला. मशीन फोडायचं त्याच्या मनात नव्हतं. फोडलं तर पुरावा नष्ट केल्याचा दुसरा गुन्हा. त्याला फक्त बारा मिनिटं नको होती. लाईट तर गेलीच होती, कॅमेरा बंद होता म्हणता आलं असतं. त्यानं पैलवानाला खूण केली.

पैलवानानं मानसिंगला मागून आवळलं. ड्रायव्हरनं त्याचा उजवा हात टेबलावर पसरून दाबून धरला. दिग्विजयनं टॉमी उचलली ती फार वर नाही, वीतभर. तेवढ्यानं भागतं. करंगळी फुटल्याचा आवाज वाळकं काटूक मोडल्यासारखा आला.

"पासवर्ड."

दुसरा घाव शेजारच्या बोटावर. नख उडून पडद्याला लागलं. मग बरगडीत गुडघा. मग तोंडावर बुक्की, ओठ दातात शिरला. तो रक्त थुंकला आणि म्हणाला, "चारला."

"म्हातारा लय कडू हाय," ड्रायव्हर म्हणाला. त्याला घाम सुटला होता. धरून ठेवायलाही ताकद लागते.

दिग्विजयनं मुकुलला फोन लावला आणि फोन मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवला. "मुकुल, ह्या भाड्यानं कुलूप घातलंय. कसं काढायचं?"

मुकुलचा आवाज बिचकत आला. "पासवर्डशिवाय नाही निघणार, मालक. म्हणजे... एक आहे. मागे आणखी पडदे असतात. फौजीनं एखाद्यावर रूट उघडा सोडला असेल तर पासवर्ड लागणारच नाही. मग काय टाइप करायचं ते मी सांगतो."

"त्यो कशाला सोडतोय उघडा! तेवढाच तर किडा हाय त्याला."

व्हॉल्व्हकडे पळताना आपण काय केलं नव्हतं, हे मानसिंगला लख्ख आठवलं. इतकी वर्षं त्यानं त्या चहाला गेलेल्या नाइकाला शिव्या घातल्या होत्या.

"बघायला काय जातंय," मुकुल सांगत होता. "कंट्रोल, ऑल्ट, आणि एफ-टू."

दिग्विजयनं एक दाबलं, सोडलं, दुसरं दाबलं, सोडलं. काही झालं नाही.

"एकदम, मालक. तिन्ही धरून ठेवा."

"थांब," मानसिंग म्हणाला. "देतो."

तिघांनी त्याच्याकडे बघितलं.

"सोडा हात. ह्या पडद्यावर न्हाई चालत त्यो. मागल्या पडद्यावर जावं लागतंय. म्या टाकतो."

"शाना झाला," दिग्विजय म्हणाला आणि खुर्चीतून उठला.

मानसिंग बसला. उजवा हात त्यानं मांडीवर घेतला, तो हात राहिला नव्हता. काम एकट्या डाव्या हाताचं होतं. करंगळी कंट्रोलवर. अंगठा ऑल्टवर. मधलं बोट ताणून वर, एफ-टूपर्यंत. ते पहिल्यांदा पोचलंच नाही. त्यानं हात टेबलावर टेकवून घेतला आणि पुन्हा ताणला.

चित्र गेलं. काळा पडदा आला. वर पांढरी अक्षरं, शेवटी रूटची खूण, आणि तिच्यापुढं लुकलुकणारी बारीक रेघ. काहीही सांगा, लगेच करतो, असं म्हणत ती उभी होती.

"ह्येच काय?" दिग्विजय खांद्यावरून वाकला. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास होता.

"ह्येच."

करंगळी कंट्रोलवर होतीच. तर्जनी डी वर ठेवली आणि दाबली. एवढंच.

अक्षरं पुसली गेली. कोऱ्या पडद्यावर एकच शब्द आला.

"काय दिसतंय आता, मालक?" फोनमधून मुकुलनं विचारलं.

"लॉगिन म्हणतंय."

मग मुकुल हळूच म्हणाला, "मालक... उघडं होतं ते. त्यानं आत्ता बंद केलं."

दिग्विजयला हे समजायला दोन श्वास लागले. समजल्यावर त्यानं मानसिंगच्या डोक्यात टॉमी घातली, पण खुर्ची फिरली आणि घाव कानशिलाला चाटून खांद्यात गेला. गळ्याजवळचं हाड मोडलं. मानसिंग खुर्चीसकट आडवा झाला. टॉमी थांबली नाही. पुढचा घाव पडद्यावर बसला, त्याच्या पुढचाही पडद्यावर. काच, प्लास्टिक, सगळं टेबलावर सांडलं. तो पडद्यालाच आईवरून शिव्या देत होता. कीबोर्डचे दोन तुकडे केले.

"मालक? पडदा फोडला का? अहो, मग आता पासवर्ड मिळाला तरी काय उपयोग?" मुकुल ओरडला आणि त्यानं फोन बंद केला.

जमिनीवर पडलेल्या मानसिंगनं ते ऐकलं. पुढं कुणी त्याच्या सहनशक्तीचं कौतुक केलं की तो हेच सांगायचा. "अजून तीन बोटं राहिली होती. पुढच्याला म्या सांगितला असता. त्यानं पडदा फोडला म्हणून वाचलो."

दिग्विजय मग लोखंडी कपाटाकडे वळला. कुलपावर चार घाव घातले, पत्र्याला पोचे पडले, कडी वाकली नाही. त्या आवाजानं बेदाणा निवडायच्या शेडमधल्या बायका उठल्या. सकाळी त्या आत होत्या, त्यांना उशिरा कळलं होतं. दुपारी त्या दारापाशीच बसल्या होत्या. सगळ्यांच्या पुढं त्यांची मुकादम धोंडुबाई, धुळाची चुलती. वय पासष्ट. तिच्या हातात काट्यावरचं पाच किलोचं माप होतं.

ड्रायव्हर दारात आडवा आला. "म्हातारे, मागं सर."

धोंडुबाईनं ते माप त्याच्या पायावर सोडलं. फेकलं नाही, नेम धरून सोडलं. तो किंचाळत बसला. बाकीच्या बायका त्याच्या अंगावरून आत गेल्या, हातात प्लास्टिकचे क्रेट, लाकडी फळ्या. पैलवानाच्या डोक्यात तीन क्रेट बसले, तो खिडकीतून पळाला. दिग्विजयनं टॉमी उगारली. एकीचा हात मोडला. पण चौदा जणी होत्या. त्यांनी त्याला खाली पाडला आणि धोंडुबाई त्याच्या छातीवर बसली.

"कुणी पाडलं रं माझ्या धुळाला? थप्पीनं?"

"सोड मला, म्हातारे!"

"सांग की. थप्पीनं पाडलं?" आणि दर शब्दाला एक थोबाडीत. पोलीस येईपर्यंत तिनं विचारायचं सोडलं नाही.

साहेब चारला दहा कमी असताना आले. शेजारच्या पेट्रोल पंपावरून दुसरा पडदा आणि कीबोर्ड आणला. मानसिंगनं दवाखान्यात जायचं नाकारलं. भिंतीला टेकून, डाव्या हातानं त्यानं एक एक अक्षर दाबून पासवर्ड टाकला. दोन पंचांसमोर बारा मिनिटं काढून दिली. मग कंट्रोल आणि डी दाबलं. लॉगिन हा शब्द आल्याचं साहेबांना दाखवलं आणि मग तो आडवा पडला.

* * *

दिग्विजय आत आहे. खटला चालू आहे. हंबीररावांनी पुण्याहून येऊन ते चित्र एकदाच बघितलं आणि जामिनासाठी वकील दिला नाही. मुकुलनं साक्ष दिली. घाबरत दिली, पण दिली.

धुळाचा डावा डोळा गेला. गुडघा वळत नाही, म्हणजे हमाली संपली. मानसिंगनं हंबीररावांना सांगून त्याला ऑफिसातल्या टेबलावर बसवला. सहा चेंबरचं तापमान बघायचं, वास आला की बेल मारायची. त्याचं नाक अजून सगळ्यांत तिखट आहे.

मानसिंगची दोन बोटं ताठ राहिली. वहीत त्या दिवसाच्या तारखेला त्यानं लिहून ठेवलंय: दुसऱ्या पडद्यावर रूट उघडा राहिला, अकरा ते दोन-वीस. चूक माझी. खाली सही आहे, डाव्या हाताची, वाकडी.

संध्याकाळी तो घरी निघाला की धुळा खुर्चीतून विचारतो.

"फौजी, मागचं दार?"

"बंद हाय गड्या."

"बघून सांगा."

मानसिंग पिशवी खाली ठेवतो, परत येतो. डाव्या हाताची बोटं ताणून तिन्ही बटणं दाबतो. काळा पडदा येतो. धुळा उरलेला डोळा बारीक करून तो एक शब्द बघतो.

"हां. जावा आता."